वजनाचा काटा आणि चयापचय : एचआयव्हीवरील दीर्घकालीन उपचारांच्या मूल्यमापनाची चिकित्सा

मराठीत आरोग्याची वाखाणणी बहुधा अंगलटीवरून केली जाते. आजारातून उठलेल्या माणसाच्या ‘अंगावर मूठभर मांस चढते’, लहान मूल ‘बाळसे धरते’, आणि सुटलेले पोट पाहून ‘खात्यापित्या घरचा’ असा शेरा कौतुकाने मारला जातो. उलटपक्षी ‘गाल बसले’, ‘हाडाची काडे झाली’ हे शब्दप्रयोग रोगाचे, दारिद्र्याचे अथवा दोहोंचे सूचक होत. एचआयव्हीच्या संसर्गाचा पहिला भारतीय पुरावा १९८६ मध्ये मद्रास येथे हाती आला. तेव्हापासून पुढील दोन दशके हा रोग लोकांच्या नजरेत क्षयाप्रमाणेच झिजण्याचा रोग होता. युगांडात तर त्याला ‘स्लिम’ हेच नाव पडले होते. अशा रोगावर औषध मिळाले आणि काट्यावरील आकडा चढू लागला, म्हणजे रोगी, त्याचे आप्त आणि डॉक्टर ह्या तिघांनाही समाधान वाटावे, हे स्वाभाविकच होते. प्रश्न एवढाच की, जे समाधान पहिल्या सहा महिन्यांपुरते रास्त होते, ते पंधरा-वीस वर्षांच्या उपचारांचे प्रमाण म्हणून चालू शकेल काय?

ह्या प्रश्नाचा विचार आपल्याकडे जितका व्हावयास हवा होता तितका झालेला नाही. दीर्घकालीन उपचारांच्या चयापचयावरील परिणामांविषयीचे वाङ्मय विपुल आहे. परंतु त्यातील बराचसा भाग वजन अथवा वजनावरून काढलेला देहभार-निर्देशांक हा जणू निर्विवाद साक्षीदार आहे असे गृहीत धरून चालतो. वस्तुतः ह्या साक्षीदाराने दोन वेळा, आणि तेही परस्परविरुद्ध दिशांनी, दिशाभूल केलेली आहे. पहिल्या वेळी शरीरातील मेद झडत असताना त्याने प्रकृती सुधारल्याची ग्वाही दिली. दुसऱ्या वेळी मेद साठत असतानाही त्याने तीच ग्वाही दिली.

पहिली हकीकत स्टॅव्ह्युडिन ह्या औषधाची. फेब्रुवारी २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने स्टॅव्ह्युडिन, लॅमिव्ह्युडिन आणि नेव्हिरापिन ह्या त्रयीचा वर्षभराचा उपचार ३५० डॉलरांत देण्याची तयारी दर्शविली. त्यापूर्वी पाश्चात्त्य देशांत अशाच उपचारांस वर्षाकाठी दहा हजार डॉलर व त्याहून अधिक खर्च येत असे. १ एप्रिल २००४ रोजी भारत सरकारने मोफत उपचारांस आरंभ केला. आरंभीच्या आठ केंद्रांत मुंबईचे जे. जे. रुग्णालय होते, आणि रोग्यांच्या हाती पडलेल्या गोळ्यांत स्टॅव्ह्युडिन होते. ते स्वस्त होते, आरंभी सोसवत होते, त्याला शीतपेटी लागत नव्हती, आणि झिडोव्ह्युडिनने ज्या रोग्यांचे रक्त उतरले असते त्यांना ते देता येत होते. रक्तक्षय जिथे घरोघरी आहे अशा देशात ही शेवटची बाब क्षुल्लक म्हणता येणार नाही. आज त्या औषधाला नावे ठेवणे सोपे आहे. परंतु २००४ साली त्याच्या जागी दुसरे काय देणे शक्य होते, हा प्रश्न टाळून केलेली टीका इतिहासाला सोडून होईल.

ह्या औषधाचा दोष पेशींच्या घडणीशी निगडित होता. विषाणूच्या ज्या विकराला ते अडवते, त्याच्याशी साधर्म्य असलेले एक विकर मानवी पेशीतील तंतुकणिकांत असते. तंतुकणिका म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या भट्ट्या. त्यांचे स्वतःचे डीएनए असते, आणि त्याची नक्कल ‘गॅमा’ पॉलिमरेज नावाचे विकर करते. स्टॅव्ह्युडिन ह्या विकरालाही अडवते. परिणामी मेदपेशींतील तंतुकणिकांचे डीएनए घटते, पेशी निस्तेज होतात आणि मरतात. गालांचे, हातापायांचे, नितंबांचे मांस वितळल्यासारखे दिसू लागते, दंडांवरच्या शिरा दोरीसारख्या उमटतात. तळपायांची आग, आणि क्वचित् रक्तात लॅक्टिक आम्ल साचून ओढवणारी प्राणघातक अवस्था, ही त्याच दोषाची अन्य रूपे होत.

येथे काट्याची साक्ष कशी फसली ते पाहावे. उपचारांच्या पहिल्या वर्षात विषाणू दबतो, भूक परतते, जुलाब व क्षय आटोक्यात येतात आणि वजन वाढते. ही वाढ खरी असते. परंतु तिच्या आडोशाला हातापायांतील मेदाची ओहोटी सुरू झालेली असू शकते. स्नायू आणि पोटातील मेद वाढत आहेत, गाल व हातपाय ओसरत आहेत, आणि बेरीज मात्र चढती आहे, असे हे गणित. बेरजेवरून घटकांचा अदमास घेता येत नाही, हे शालेय अंकगणित येथे विसरले गेले. त्यावर कडी म्हणजे, प्रारंभीच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे औषधाची मात्रा वजनावर ठरे : ६० किलोंच्या आत ३० मिलिग्रॅम, त्यापुढे ४०. म्हणजे ज्याची प्रकृती सुधारून काटा साठाच्या पुढे जाई, त्याला विषारी मात्रा अधिक! २००७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांना ३० मिलिग्रॅमच पुरे असे ठरविले आणि २००९ च्या अखेरीस हे औषध क्रमशः सोडून द्यावे अशी शिफारस केली. भारतीय कार्यक्रमातूनही ते पुढील काही वर्षांत टप्प्याटप्प्याने गेले. औषध बदलल्यावरही गेलेला मेद फार मंद गतीने आणि बहुधा अपुराच परततो. तेव्हाच्या रोग्यांचे बसलेले गाल आज बाह्यरुग्ण विभागात दिसतात, त्यांचे कारण बऱ्याचदा दहा-पंधरा वर्षांमागील गोळीत असते.

ह्या लक्षणांस सामाजिक बाजूही होती, आणि ती ‘सौंदर्यविषयक तक्रार’ ह्या सदरात टाकण्याची वैद्यकाची सवय आक्षेपार्ह म्हटली पाहिजे. गाव जेव्हा रोगाला चेहऱ्यावरून ओळखते, तेव्हा चेहऱ्याचे मांस झडणे म्हणजे गुपित फुटणे होय. रोगाने जे उघड केले नव्हते ते औषधाने उघड केले. अशा वेळी एखाद्याने गोळ्या सोडल्या तर त्याला ‘बेजबाबदार’ म्हणून मोकळे होणे हे निदानही नव्हे आणि न्यायही नव्हे.

पाश्चात्त्य वाङ्मयात ह्या विषयाचा आरंभ १९९८ मध्ये झाला, असे मानण्यास हरकत नाही. त्या वर्षी सिडनी येथील अँड्र्यू कार, डेव्हिड कूपर व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रोटीएज-रोधक औषधे घेणाऱ्या रोग्यांत हातापायांचे कृशत्व, पोटाचा व मानेमागील मेदाचा उभार, रक्तातील ट्रायग्लिसराइडची वाढ आणि इन्सुलिनला होणारा प्रतिरोध यांचे एकत्रित वर्णन केले. वर्णन अचूक होते. परंतु ‘लिपोडिस्ट्रॉफी’ ह्या एकाच नावाखाली झडणे आणि साठणे ह्या दोन भिन्न क्रिया बांधल्या गेल्या, आणि ती गाठ सुटण्यास अनेक वर्षे लागली. पुढे अमेरिकेत केलेल्या काळजीपूर्वक मोजमापांत असे आढळले की, हातापायांचा मेद झडणे आणि पोटात मेद साठणे ह्या गोष्टी परस्परांस बांधलेल्या नाहीत. पहिलीचे मुख्य कारण स्टॅव्ह्युडिनसारखी औषधे, तर दुसरीला वय, आहार, पुनःप्राप्त आरोग्य अशी अनेक कारणे. नाव एक असले म्हणजे वस्तूही एकच, हा भ्रम विज्ञानातही किती काळ टिकतो, याचे हे चांगले उदाहरण आहे.

भारतीय परिस्थिती तर मुळातच निराळी होती. येथील पहिल्या फळीच्या उपचारांत प्रोटीएज-रोधक नव्हतेच. म्हणून पुण्याचे संजय पुजारी व त्यांचे सहकारी यांचा २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास महत्त्वाचा ठरतो. पश्चिम भारतातील, जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस केलेल्या पहिल्या फळीच्या औषधांवरील रोग्यांत मेदविकृती आणि रक्तातील मेदांचे विकार हाच त्याचा विषय होता. कार्यक्रम सुरू होऊन जेमतेम वर्ष होत असताना हा प्रश्न आपल्या प्रांतातून विचारला गेला, ही गोष्ट नोंदविण्याजोगी आहे.

परंतु काट्यावर अविश्वास दाखविण्यास सर्वांत सबळ आधार एचआयव्हीच्या अभ्यासांतून नव्हे, तर पुण्याच्याच एका वेगळ्या संशोधनातून मिळतो. के. ई. एम. रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचीच छायाचित्रे प्रसिद्ध केली. दोघांचा देहभार-निर्देशांक २२.३; परंतु युडकिन यांच्या शरीरात मेद ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. तत्पूर्वी पुणे जिल्ह्यातील खेड्यांत १९९३ पासून चाललेल्या मातृपोषणाच्या अभ्यासात असे दिसले होते की, तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या ३.५ किलोंच्या तुलनेत अवघे २.७ किलो असले, तरी त्वचेखालील मेद मात्र त्या प्रमाणात घटलेला नव्हता. दिसायला कृश, आतून मेदयुक्त अशी ही शरीरघडण. मधुमेहाच्या अभ्यासकांना ती पाठ झाली; एचआयव्हीच्या उपचारांचा विचार करणाऱ्यांनी ती अद्याप पुरेशी मनावर घेतलेली नाही. ज्याचे शरीर जन्मतःच अशा घडणीचे, त्याच्यावर प्रथम स्नायू झिजविणारा रोग आणि नंतर मेदाची मांडणी बदलणारी औषधे यांचा मारा झाला, तर ५५ किलो वजनाचा व ‘सामान्य’ निर्देशांकाचा मनुष्य मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभा असू शकतो. भारतीयांसाठी २००९ च्या एकमताने निर्देशांकाची ‘अतिरिक्त वजना’ची मर्यादा २३ पर्यंत खाली आणली गेली आणि कंबरेच्या घेराची मर्यादा पुरुषांत ९०, स्त्रियांत ८० सेंटिमीटर धरली गेली, ती ह्याच जाणिवेतून.

दुसरी हकीकत अलीकडची. २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शिकेत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही त्रयी पहिली पसंती ठरली. विषाणू दाबण्यात ती वेगवान आहे, तिला प्रतिकार सहजी निर्माण होत नाही, आणि दिवसाला एकच गोळी पुरते. तिच्या गुणांविषयी वाद नाही. परंतु दक्षिण आफ्रिकेतील ‘ॲडव्हान्स’ ह्या चाचणीत ९६ आठवड्यांनंतर सरासरी वजनवाढ जुन्या इफाव्हिरेन्झ-गटात २.३ किलो, डोल्युटेग्राविर व जुन्या प्रकारच्या टेनोफोविरच्या गटात ४.३ किलो आणि डोल्युटेग्राविर व नव्या टेनोफोविर-ॲलाफेनामाइडच्या गटात ७.१ किलो आढळली. आणि स्त्रियांत ती अधिक होती. ह्या आकड्यांनी जगभर खळबळ उडाली आणि ‘डोल्युटेग्राविर लठ्ठ करते’ असे विधान रूढ झाले.

हे विधान तपासून घेतले पाहिजे. तुलना ज्याच्याशी केली तो इफाव्हिरेन्झ-गट तटस्थ होता काय? त्याच चाचणीतील आनुवंशिक अभ्यासात दिसले की, ज्यांचे यकृत इफाव्हिरेन्झचा निचरा मंद गतीने करते, त्यांचे वजन वाढलेच नाही. ज्यांचे यकृत तो जलद करते, त्यांचे वजन डोल्युटेग्राविर-गटाप्रमाणेच वाढले. जुने टेनोफोविरही वजन किंचित दाबून धरते. तेव्हा आपण ज्याला नव्या औषधाने घातलेली भर म्हणतो, तिचा काही भाग जुन्या औषधाने चालविलेली काटछाट थांबल्याचा परिणाम असू शकतो. शून्य कोठे धरावयाचे, हेच येथे अनिश्चित आहे. तथापि ह्यावरून वाढीची चिंता करू नये असा निष्कर्ष काढणारेही चुकतात. कारण कोणतेही असो, साठलेला मेद साठलेलाच असतो, आणि रोग्याच्या स्वादुपिंडाला त्याच्या व्युत्पत्तीशी कर्तव्य नाही. ‘हे तर आरोग्याचे पुनरागमन’ हा युक्तिवाद १७ किलो गमावून ८ किलो परत मिळविणाऱ्यास लागू पडतो. लवकर निदान होऊन ज्याच्या शरीराचे काहीच गेलेले नाही त्याला तो लागू पडत नाही. आणि २०१७ पासून निदान होताच उपचार सुरू करण्याचे धोरण आल्यामुळे दुसऱ्या प्रकारच्या रोग्यांची संख्या वाढत जाणार हे उघड आहे.

येथे एका गैरसमजाचे निराकरण अवश्य आहे. चयापचयाचे परिणाम पाहून औषधांविषयीच शंका घेणारा एक सूर अधूनमधून उमटतो. त्याला आधार म्हणून २००३ च्या एका मोठ्या निरीक्षणाचा दाखला देण्यात येतो. त्यात संयुक्त उपचारांच्या प्रत्येक वर्षागणिक हृदयविकाराच्या झटक्याची सापेक्ष शक्यता २६ टक्क्यांनी वाढलेली दिसली होती. पण त्याच निरीक्षणात २३,४६८ रोग्यांपैकी असा झटका १२६ जणांनाच आला होता, हे सांगावयाचे राहून जाते. उलट २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘स्मार्ट’ चाचणीत ५,४७२ रोग्यांपैकी ज्यांचे उपचार मधूनमधून थांबविण्यात आले, त्यांच्यात मृत्यू तर अधिक झालेच, पण हृदय, मूत्रपिंड व यकृत यांचे गंभीर विकारही अधिक झाले. म्हणजे मोकाट विषाणू आणि त्याने पेटविलेला दाह रक्तवाहिन्यांचे अधिक नुकसान करतो. औषध सोडणे हा चयापचयावरील उपाय नव्हे. तो उपाय अन्यत्र शोधावा लागतो, आणि त्याची एक दिशा २०२३ च्या ‘रिप्रिव्ह’ चाचणीने दाखविली. भारतासह १२ देशांतील ७,७६९ रोग्यांत पिटाव्हास्टॅटिनने हृदय व रक्तवाहिन्यांच्या मोठ्या दुर्घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. मात्र त्याच औषधाच्या गटात मधुमेह ५.३ टक्के लोकांना झाला, नुसत्या खोट्या गोळीच्या गटात ४.० टक्क्यांना. मधुमेहाकडे आधीच झुकलेल्या आपल्या समाजात ह्या दुसऱ्या आकड्याकडे काणाडोळा करता येत नाही.

मोजमापाच्या साधनांचीही चिकित्सा अशीच व्हावयास हवी. रक्तशर्करेसाठी आज ग्लायकेटेड हिमोग्लोबिनची चाचणी सर्वत्र प्रचलित आहे. ती रक्तपेशींच्या सरासरी आयुष्यावर अवलंबून असते. झिडोव्ह्युडिन घेणाऱ्यांच्या रक्तपेशी मोठ्या होतात, आणि चाचणी खऱ्याहून कमी आकडा दाखविते. लोहाची उणीव असलेल्या स्त्रीत ती खऱ्याहून अधिक दाखवू शकते. आणि सिकलसेलच्या वाहकांत ती चाचणीच्या पद्धतीनुसार फसते. नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ यांसारख्या आदिवासी तालुक्यांतून येणाऱ्या रोग्यांत ही तिन्ही कारणे एकत्र येणे असंभव नाही. तेथे उपाशीपोटी घेतलेली साधी रक्तशर्करा अधिक विश्वासू. उपचारांतही असेच खाचखळगे आहेत : डोल्युटेग्राविरमुळे मेटफॉर्मिनची रक्तातील पातळी वाढते, म्हणून त्याची मात्रा दिवसाला १००० मिलिग्रॅमपर्यंत मर्यादित ठेवावी लागते, प्रोटीएज-रोधकांबरोबर सिम्व्हास्टॅटिन देता येत नाही. मधुमेहाचा वैद्य एका दाराआड आणि एचआयव्हीचा दुसऱ्या, अशी व्यवस्था जिथे आहे, आणि रोगी पहिल्या दारात आपला संसर्ग सांगण्यास कचरतो, तिथे ही माहिती कोणाच्याच उपयोगी पडत नाही.

ह्या चर्चेस नाशिकमध्ये विशेष औचित्य आहे. १९९८ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय येथे असल्यामुळे राज्यभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांतील पदव्युत्तर प्रबंध अखेर ह्याच शहराच्या वाटेने जातात. आणि २०२१ च्या अंदाजानुसार देशातील सर्वांत अधिक, सुमारे ३.९४ लाख, एचआयव्हीग्रस्त महाराष्ट्रातच होते. म्हणजे प्रश्नही येथे आहे आणि तो सोडविण्याची यंत्रणाही. अडचण प्रबंधाच्या चौकटीची आहे. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात विषय निवडणे, नैतिक समितीची संमती, रोग्यांची पाहणी आणि लेखन यांना मिळून जो अवधी उरतो, त्यात एकदाच मोजून मोकळे होणारी पाहणी सोयीची पडते. परंतु एकाच दिवशी घेतलेल्या मापांवरून औषध, वय, रोगाची पूर्वीची झीज आणि आहार यांचे वाटे वेगळे करता येत नाहीत. एखाद्याने आज डोल्युटेग्राविर घेणाऱ्या शंभर जणांत वीस मधुमेही मोजले, तर त्यांपैकी किती जण स्टॅव्ह्युडिनच्या काळापासूनचे आहेत, हे विचारल्याशिवाय त्या वीस ह्या संख्येला अर्थ नाही. एका विद्यार्थ्याच्या तीन वर्षांत जे होत नाही ते पाच विद्यार्थ्यांनी एकच नोंदवही पुढे चालविली तर होऊ शकते. प्रत्येकाचा विषय अगदी नवा असलाच पाहिजे ह्या हट्टापायी तसे घडत नाही, हे खेदाने म्हणावे लागते.

आहाराच्या नोंदीही परकीय प्रश्नावल्यांतून उचलून चालणार नाहीत. निफाडच्या द्राक्षमळ्यात छाटणीच्या हंगामात मजुरी करणारी स्त्री आणि पेठेत नागली-भातावर राहणारी स्त्री यांच्या ताटात व श्रमात ऋतूगणिक फरक पडतो. शिवाय उपचार सुरू झाल्यावर घरोघरी ‘अशक्तपणा जावा’ म्हणून तूप, शेंगदाण्याचे लाडू, गोड चहा यांची जी रेलचेल होते, ती दोन वर्षांनी कोणी थांबविली काय, हा प्रश्न एकाही छापील प्रश्नावलीत सापडणे कठीण.

२०२१ च्या मार्गदर्शिकेत असंसर्गजन्य रोगांच्या तपासणीस स्थान मिळाले आहे, ही समाधानाची बाब होय. परंतु तपासणी कागदावर असणे आणि कंबरेचे माप नोंदवहीत येणे यांत अंतर राहते, आणि त्या अंतराचे कारण पैसा नव्हे. शिंप्याच्या फितीला किंमत ती काय. कारण असे की, काट्यावर उभे राहण्यास आडोसा लागत नाही, घेर मोजण्यास लागतो. नऊवारी अथवा सहावारीच्या निऱ्यांवरून घेतलेले माप पाच-सात सेंटिमीटरांनी सहज फुगते, आणि ८० च्या मर्यादेशी तुलना करताना तेवढ्याने सारा निकाल फिरतो. माप घ्यावयाचे ते निऱ्या सैल करून, स्त्री परिचारिकेच्या हातून, पडद्याआड. शेवटची फासळी आणि कटीच्या हाडाची वरची कड यांच्या बरोबर मध्यावर फीत आडवी धरून, रोग्याने श्वास सोडल्यानंतर. आणि दर खेपेस त्याच जागी.